माझं उत्तर हजार आलं

पदार्थविज्ञानाच्या पहिल्या चाचणीत मला एकोणीस गुण मिळाले, आणि त्या दिवशी आयने मला निवट्यांचं, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या माशांचं, कालवण दोनदा वाढलं. तिला वाटलं वीसपैकी एकोणीस. ते शंभरपैकी होते. मी खाली मान घालून तांदळाची भाकरी कालवणात बुडवत राहिले, आणि आय शेजारच्या काकीला ओट्यावरून ओरडून सांगत होती, "आमच्या मंजूला एकोनीस मिलाले गो!" कालवण फार चांगलं झालं होतं आणि मला घास गिळवत नव्हता, हे दोन्ही मला अजून एकाच वेळी आठवतं.

आमचं घर बेलापूरच्या खाडीला लागून होतं. आता मी सीवूड्सला चौथ्या मजल्यावर राहते. गॅलरीतून खाडीची एक पट्टी दिसते, तेवढंच. तेव्हा खाडी घरात यायची म्हटलं तरी चालेल, उधाणाला पाणी ओट्याच्या पहिल्या पायरीपर्यंत असायचं. ओट्यासमोर झावळ्यांचा मोठा मांडव होता आणि त्यात कायम एखादी होडी उपडी किंवा उताणी पडलेली असायची, कारण बाबा होड्या बांधायचे आणि दुरुस्त करायचे. सकाळी जाग यायची ती लाकूड तासायच्या वाकसाच्या आवाजाने. लाकडाचे ढलपे उडताना एक ओला, भरीव आवाज होतो. मग फळ्यांच्या फटींत कापूस ठोकायचा आवाज, तो बारीक आणि भरभर. दुपारी डांबर तापवलं की सगळ्या गल्लीला त्याचा वास. आय पहाटे टोपली घेऊन बाजाराला गेलेली असायची, ती उन्हं चढल्यावर परत येई, आणि मग चूल पेटे. सुका जवळा, कधी चिंबोरी, बहुतेक वेळा नुसता भात आणि कोलंबीचं आंबट पाणी. आम्ही गरीब होतो की नव्हतो हा विचार मी तेव्हा केला नव्हता. घरात लाकूड, मीठ आणि मासळी कधी कमी पडली नाही.

हायस्कूल तासभर चालत जाण्याच्या अंतरावर होतं. अर्धी वाट मिठागराच्या बांधावरून आणि अर्धी भातखाचरांतून. नववीत विषय निवडायचे असत. मुलींसाठी शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्र आणि मुलांसाठी पदार्थविज्ञान-रसायन अशी वाटणी कुठे लिहिलेली नव्हती, पण होती. मी पदार्थविज्ञान मागितलं. कारण विचाराल तर फार थोर नव्हतं. आठवीत असताना प्रयोगशाळेच्या खिडकीतून मी काचेचा लोलक पाहिला होता. त्यातून निघालेला रंगांचा पट्टा समोरच्या चुना लावलेल्या भिंतीवर पडला होता आणि शिपाई भिकूमामा तो पट्टा हाताच्या तळव्यावर घेऊन बघत उभे होते. मला तसं करायचं होतं, एवढंच.

हेडमास्तरांनी बाबांना बोलावणं धाडलं. बाबा गेले नाहीत. शाळेत जायचं म्हटलं की त्यांचे पाय जड होत. त्यांना सही येत होती, पुढे अक्षर नाही. मग हेडमास्तरांनी मलाच सांगितलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण त्यांचं ठरलेलं होतं. "बाळ, दहा मुलांत तू एकटी. सहामाहीपर्यंत बस. पास झालीस तर राहा. नापास झालीस तर मुकाट्याने आरोग्यशास्त्राच्या वर्गात जायचं. कबूल?" मी कबूल म्हटलं. आणि महिन्याभरात एकोणीस गुण आले.

पदार्थविज्ञान शिकवायला मुकादम सर होते. ते उरणकडचे. उंच, किडकिडीत, पांढरा पायजमा आणि वर काळा कोट. कोटाच्या खिशात खडूचे इतके तुकडे असायचे की चालताना वाजत. त्यांनी माझा पेपर माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "व्याख्या सगळ्या पाठ आहेत तुला. स्वल्पविरामासकट. मग उदाहरण एकही का आलं नाही?"

मी पेपरची घडी घालायला लागले.

"आर्किमिडीजचं तत्त्व सांग."

मी घडाघडा म्हटलं.

"आता हेच घरी आईला कसं सांगशील?"

मी पुन्हा तीच व्याख्या म्हणायला लागले. सरांना माहीत होतं मी कुठली ते. म्हणाले, "वडील होड्या बांधतात ना? मग होडीचंच सांग."

मी उठले आणि घरी बोलते तशी बोलून गेले. होडीत जेवढा माल भराल तेवढी ती खाली जाते, ती खाली जाते तेवढं पानी बाजूला सारते, आणि जेवढं पानी सारलं तेवढ्याच वजनाचा जोर पानी तिला खालून लावतं. 'पानी' ऐकल्यावर वर्ग हसला. पहिल्या बाकावरचा वसंत सगळ्यात मोठ्याने. सर हसले नाहीत. फळ्यावर होडी काढायला लागले, तिच्याखाली एक बाण वर आणि एक बाण खाली काढला, आणि पाठमोरेच म्हणाले, "तिने सांगितलं ते शंभर टक्के बरोबर आहे. वसंता, आता तू शुद्ध भाषेत सांग." वसंताला पुस्तकातलं वाक्य सोडून काही सांगता आलं नाही.

त्या दिवसापासून सरांनी मला एक सवय लावली. वर्गात जे शिकवलं ते घरी जाऊन आयला सांगायचं, तिच्या बोलीत, आणि तिला पटेपर्यंत थांबायचं नाही. आय मासळी साफ करत बसलेली असायची आणि मी समोर पाटावर. एकदा मी तरफेचा नियम सांगितला. जड वजन टेकूजवळ आणि हलकं वजन लांब ठेवलं की दांडी समतोल राहते. आयने बोंबलाचं डोकं उडवलं आणि म्हणाली, "म्हंजे कावडीची जड टोपली खांद्याजवल घ्यायची. यात शिकायचं काय हाय? यासाठी रोज एवढं चालत जातेस?" मला राग आला, पण दुसऱ्या दिवशी तरफेवरची सगळी उदाहरणं मला सुटली. पाठांतराने जी सुटत नव्हती ती कावडीने सोडवली.

हल्ली आमच्या सोसायटीतली मुलं मी शिक्षिका होते हे ऐकून येतात. परीक्षा तोंडावर आलेली असते. "आजी, फिजिक्सचं फार टेन्शन आलंय, काहीतरी टिप्स द्या ना." त्यांच्या वह्यांत सूत्रं रंगीत पेनांनी चौकटीत लिहिलेली असतात, फार सुरेख. मी विचारते, यातलं कुठलंही एक मला सूत्र न म्हणता सांग. बहुतेकांची तीच गत होते जी माझी झाली होती. मग मी त्यांना सरांचंच सांगते. उदाहरण वाचलं की पेन सूत्राकडे नेऊ नका, आधी आकृती काढा, कितीही वेडीवाकडी असो. काय दिलंय ते एककासकट लिहा. आणि गणित करायच्या आधी उत्तर साधारण किती येईल ते समासात लिहून ठेवा. या शेवटच्या गोष्टीवर सरांचा फार कटाक्ष होता. मी एकदा चालणाऱ्या माणसाचा वेग ताशी तीनशे किलोमीटर काढला होता. सरांनी चूक दाखवली नाही. फक्त विचारलं, "याला रस्त्यात अडवायचं झालं तर कसं अडवशील?" वर्ग हसला, मीही हसले, आणि दशांशचिन्ह कुठे घसरलं ते माझं मलाच सापडलं. रोज तीन उदाहरणं, पुस्तक मिटून. चौथं नको, असं ते म्हणायचे. तीन नीट केलीस तर चौथं परीक्षेत करशील.

सहामाहीला पंधरा दिवस राहिले तेव्हा आम्ही लंबकाचा प्रयोग केला. दोऱ्याला शिशाचा गोळा बांधायचा, तो हुकाला टांगायचा, दोऱ्याची लांबी मोजायची, गोळा हलकेच सोडायचा आणि पन्नास हेलकाव्यांना किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. त्यावरून पृथ्वी वस्तूला किती जोराने खाली ओढते ती संख्या काढायची. पुस्तकात ती संख्या नऊशे ऐंशी दिलेली होती. शाळेत लाकडी मीटरपट्टी एकच होती, घड्याळ एकच होतं, त्यामुळे आम्ही पाळीपाळीने प्रयोग केला. माझी पाळी शेवटची.

माझं उत्तर हजार आलं. मी पुन्हा मोजलं. नऊशे सत्त्याण्णव. तिसऱ्यांदा हजार तीन. मी वसंताची वही बघितली. नऊशे ऐंशी. बाकी सगळ्यांची नऊशे अठ्ठ्याहत्तर, नऊशे एक्क्याऐंशी, अशीच. वसंत माझ्याकडे बघून म्हणाला, "अगं, वेळ थोडा वाढवून लिही, की येतं. सगळे तसंच करतात. मोजायचं कशाला?" त्याच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता, तो खरोखर मदत करत होता.

प्रयोगवह्या शनिवारी हेडमास्तरांकडे जायच्या होत्या आणि त्यांचे गुण सहामाहीत धरले जाणार होते. मी खोडरबर हातात घेतला होता, हे कबूल करते. सत्त्याहत्तर वर्षांची झाले तरी तो खोडरबर मला आठवतो, एका बाजूने काळा झालेला. मी पहिला आकडा पुसलासुद्धा. मग मला वाटलं, उद्या सरांनी विचारलं की आयला कसं सांगशील, तर काय सांगू? पुसलेल्या जागी मी परत तोच आकडा लिहिला आणि वही घेऊन सरांपुढे उभी राहिले.

सरांनी सगळं तपासलं. गुणाकार, भागाकार, वर्ग. मग म्हणाले, "गणित बरोबर आहे. उत्तर हजार का आलं, मला माहीत नाही."

मास्तर असं म्हणू शकतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"दोरा अर्धा कर," ते म्हणाले, "आणि पुन्हा बघ. काय येतं ते मला सांग. चांगलं आलं तरी सांग, वाईट आलं तरी सांग."

पन्नास सेंटिमीटरचा दोरा मी पंचवीसचा केला. उत्तर हजार वीस आलं. म्हणजे आणखी वाईट. तेवढ्यात हेडमास्तर व्हरांड्यातून जात होते, ते आत आले. सगळ्यांच्या वह्या चाळल्या, माझ्यापाशी थांबले. "दहाही मुलांचं बरोबर आलं आणि हिचंच चुकलं," ते सरांना म्हणाले, "मी सुरुवातीलाच सांगितलं होतं तुम्हाला." सर म्हणाले, "शनिवारपर्यंत थांबू या." हेडमास्तर वही मिटून निघून गेले. मी डोळे पुसत मिठागराच्या बांधावरून घरी आले. वारा होता, त्यामुळे डोळ्यांत पाणी का आलं हे वाटेत कोणी विचारलं नाही.

बाबा मांडवात एका फळीवर खूण करत होते. त्यांनी मात्र विचारलं. "काय झालं गो?"

मी सांगितलं. दोरा, गोळा, हेलकावे, सगळं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "दोरी अर्धी केलीस तवा चूक वाढली?"

"हो."

"मंग घड्यालाचं काय नाय. घड्याल चुकलं असतं तर दोनी येलेला सारकंच चुकलं असतं. मापाचं हाय." ते लाकूड मोजायचा गज हातात घेऊन माझ्यासमोर बसले. "हे टोक बग. झिजलंय ना? आमी टोकावरनं कंदीच मोजत नाय. एक इंच सोडायचा, तिथनं मोजायला लागायचं, मागनं एक वजा करायचा. टोकच आदी खराब होतं. तुमच्या पट्टीचं टोक बगितलंस काय?"

"त्याला पितळी टोपण आहे, बाबा. झिजणार नाही."

"टोपनाच्या आत कोन बगितलंय?"

दुसऱ्या दिवशी मी शाळा भरायच्या आधी पोचले. भिकूमामा प्रयोगशाळा झाडत होते. मी मीटरपट्टी टेबलावर आडवी ठेवली आणि माझी कंपासपेटीतली पट्टी तिच्या शेजारी टोकाला टोक जुळवून लावली. पितळी टोपणाच्या बाहेर पहिला आकडा दिसत होता तो दोन. माझ्या पट्टीवर त्याच जागी एकचा आकडा होता. मी तीन वेळा लावून बघितलं. मग मी भिकूमामांना विचारलं. ते केरसुणी धरून सरळ उभे राहिले आणि निरागसपणे म्हणाले, "हां, ते. वाळवी लागली होती टोकाला. दोन वर्सं झाली. मीच कापलं तेवढं आन् टोपन परत ठोकून बसवलं. चांगलं बसलंय ना?"

फार चांगलं बसलं होतं. पट्टीचा बरोबर एक सेंटिमीटर गेला होता आणि दोन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आम्ही पन्नास म्हणून मोजत होतो ते एकोणपन्नास होते. पंचवीस म्हणून मोजलं ते चोवीस. पन्नासातून एक गेला तर चूक थोडी, पंचवीसातून एक गेला तर जास्त, म्हणून दोरा अर्धा केल्यावर उत्तर आणखी बिघडलं होतं. मी वहीत एकोणपन्नास घालून गणित केलं. नऊशे ऐंशी आलं. वही घेऊन मी सरांची वाट बघत दारात उभी राहिले.

सरांना दाखवलं तेव्हा ते आधी हसले. मग त्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारी लावून स्वतः मोजून बघितलं. वर्ग भरल्यावर त्यांनी ती सगळ्यांना दाखवली आणि काय झालं होतं ते सांगितलं. मग हळू आवाजात विचारलं, "या पट्टीने मोजून नऊशे ऐंशी येणं शक्य नाही. मग तुम्हा दहाजणांचं कसं आलं?"

वसंताने वही मिटली. मला वाटलं आता छडी निघणार. सर टेबलावर टेकले. "दोन वर्षं मी वह्या तपासतोय," ते म्हणाले. "दर वेळी नऊशे ऐंशी बघून खूश होऊन सही करतोय. मीही पट्टी बघितली नाही. तुमच्याआधी चूक माझी आहे. आज सगळे पुन्हा प्रयोग करू. जे येईल ते लिहायचं. नऊशे पन्नास आलं तर नऊशे पन्नास. का आलं ते खाली दोन ओळींत लिहायचं. गुण त्या दोन ओळींना."

हेडमास्तरांकडे ते स्वतः गेले, पट्टी घेऊन. आत काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. सहामाहीत मला चोपन्न गुण मिळाले. वसंताला एकाहत्तर. चोपन्न काही फार नव्हेत, पण हेडमास्तरांनी माझ्या प्रगतिपुस्तकावर सही केली आणि आरोग्यशास्त्राचं नाव काढलं नाही. वसंताने मात्र वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. दहा जणांना सगळं पुन्हा लिहावं लागलं होतं, आणि त्याने तर मला मदतच करायला बघितलं होतं. त्याचं वाईट वाटणं मला आज त्या वेळेपेक्षा जास्त कळतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी सर चालत आमच्या घरी आले. बाबा मांडवात उघडे होते, त्यांनी घाईने सदरा शोधला. सरांनी त्यांना म्हटलं, "टोकावरून मोजायचं नाही हे तुम्ही सांगितलंत ना? शाळेला नवी मीटरपट्टी हवी आहे. सागाची. तुम्ही कराल?" बाबांनी सरांची जुनी पट्टी घेतली, उलटसुलट बघितली आणि फक्त मान हलवली. आय आतून चहा घेऊन आली आणि सर जाईपर्यंत दाराआड उभी राहिली.

पट्टी झाल्यावर ती द्यायला बाबा शाळेत आले. माझ्या शाळेत ते पहिल्यांदाच आले. पांढरा सदरा, डोक्याला तेल, काखेत कापडात गुंडाळलेली पट्टी. सरांनी ती घेतली आणि त्यांना जाऊ दिलं नाही. "बसा ना, तास ऐका," म्हणाले. बाबा शेवटच्या बाकावर बसले, गुडघे बाकात मावत नव्हते म्हणून तिरके. त्या दिवशी सरांनी पुन्हा लंबकच काढला. दोऱ्याची लांबी तेवढीच ठेवली तर गोळा हलका असो की जड, हेलकाव्याला वेळ तेवढाच लागतो, हे त्यांनी सांगितलं. मी मागे वळून बघितलं. बाबांच्या कपाळाला आठी पडली होती.

बांधावरून परत येताना ते पट्टीचं रिकामं कापड घडी घालत चालत होते. मग म्हणाले, "जड गोला नि हलका गोला, दोगांना येकच टायम? तुझा सर चांगला मानूस हाय, पन हे काय मला पटत नाय."

"मग करून बघा," मी म्हटलं.

घरी आल्यावर त्यांनी सदरा काढला, मांडवाच्या आडव्या वाशाला दोन दोऱ्या बांधल्या, एकीला जाळ्याचं शिसं, दुसरीला नारळाएवढा दगड. दोन्ही गजाने नीट मोजल्या, वाशापासून शिशाच्या मधोमध आणि दगडाच्या मधोमध. एक इंच सोडून, मागून एक वजा करून. मग दोन्ही एकदम सोडले. एक झुलला की दुसरा झुलायचा. शेजारचे दोघे-तिघे बघायला थांबले. बाबा बोटाने मोजत होते, मी तोंडाने. दहा. अकरा. बारा. दोन्ही बरोबरच जात होते. बाबांनी ते थांबवले, पुन्हा सोडले, या वेळी पन्नास हेलकावे मोजायला, डोळे बारीक करून.

ऊन खाडीवर तिरकं झालं होतं. आय ओट्यावर आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली, मग ओरडली, "जेवाला येताव का नाय? भात निवला."

"थांब जरा," बाबा म्हणाले. नजर दगडावरून हलवली नाही. "आजून वीस बाकी हायत."